राब म्हणजे वणवा नव्हे

भाच्याने परवा एक मेसेज पाठवला. "आदिवासींना शेती येतच नाही. राब जाळून जंगलाची राख करतात, गावठी बियाणं पेरतात, सरकारने फुकट दिलेली जमीन पडीक टाकतात. सुशिक्षित तरुणांनी पाड्यावर जाऊन आठ दिवसांत त्यांना आधुनिक शेती शिकवावी." खाली त्याचा प्रश्न : "मामा, आमचा ग्रुप जव्हारला येतोय, काय काय शिकवू?" पोरगा मनाने चांगला आहे, म्हणूनच जास्त चीड आली. असल्या मजकुराला चांगली पोरंच आधी फसतात.

सगळ्यात धादांत खोटं राबाचं. राबात जंगल पेटवत नाहीत. भाताचं रोप जिथे वाढवायचं तेवढाच वाफा भाजतात, म्हणजे लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा. आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या झाडाचे टहाळे, मग पातेरा (वाळका पाला) नि गवत, वरून मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी लावायची. भडका उडत नाही, ती धुमसत राहते, माती नीट भाजते आणि तणाचं बी मरतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसोबत राबावर प्रयोग करून १९१२ साली शास्त्रीय निबंध छापला. राबाचा गुण नुसत्या राखेच्या खताचा नाही, उष्णतेने मातीच बदलते, हे त्यातून पुढे आलं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपण 'अडाणी पद्धत' म्हणून मोकळे! कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांच्या 'चार सूत्री' भातशेती पद्धतीतही रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालायला सांगतात. ते शास्त्र असेल, तर वारल्याच्या वाफ्यातली राख अडाणीपणा कशी?

एक मान्य करतो. ऐन जिथे थोडेच उरलेत तिथे दरवर्षी टहाळ तोडून झाडं बोडकी होतात, आणि शेतात पडायला हवं ते शेण जळून जातं. गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, राब न करताही रोप चांगलं येतं, बियाणं कमी लागतं. हे जरूर दाखवावं. पण मग निंदणीला माणसं आणि घालायला खत लागणार, त्याची सोय आधी बघा.

बियाण्याचं म्हणाल तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं राखल्याबद्दलच.

'फुकट जमीन' हा तर कायदा न वाचता मारलेला शेरा. २००६ च्या वनहक्क कायद्याने नवी जमीन वाटली नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी कसत होते, तीच, तीही जास्तीत जास्त चार हेक्टर, नावावर होते. विकता येत नाही. आणि पडीक दिसते ती पुष्कळदा वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन असते. नाचणी, वरई, खुरासणी घेऊन झाली की उताराची ती माती काही वर्षं विसाव्याला सोडतात.

राहिले आठ दिवस. बायफ या संस्थेचा वाडी कार्यक्रम १९८२ साली दक्षिण गुजरातेत वांसद्याला सुरू झाला. एकरभर तुकड्यावर आंबा-काजूची कलमं, कुंपण, बांधबंदिस्ती, पाण्याची सोय. कलम फळाला येईपर्यंत काही वर्षं जातात, तोवर कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं. शिकवणं म्हणतात ते याला. एका सुट्टीत ते उरकत नाही.

मुळात अडचण कुठे आहे ते तरी बघा. कित्येक कातकरी कुटुंबांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. जव्हारशेजारच्या मोखाड्यात पावसाळ्यात कोसळतो तो पाऊस वाहून जातो आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकरची वाट बघतात. रब्बीला पाणी नाही, म्हणून दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. जिथे पाणी पोचलं, तिथे जव्हार-विक्रमगडच्या याच लोकांनी मोगरा लावला, आणि तो दादरच्या फूलबाजारात विकला जातो.