पिक्चर लागतो

"कुठे लागलाय पिक्चर?" असं विचारलं की लोक थिएटरचं नाव सांगतात. माझा हात पोटाकडे जातो.

मला गाडी लागते हे आमच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. वरंधा घाटात माझ्यासाठी एसटी थांबवावी लागली होती, ती गोष्ट आमच्याकडे दर लग्नात, नेमकी श्रीखंड वाढताना निघते. पण गाडीसारखा पिक्चरही लागतो, हा शोध २००८ सालचा. भाचा म्हणाला, "मामा, 'क्लोव्हरफील्ड' बघायचाच. न्यूयॉर्कमध्ये राक्षस घुसतो." राक्षसाचं मला काही नाही, मी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी होतो. पण हा सगळा प्रकार म्हणे पार्टीत हँडीकॅम घेऊन फिरणाऱ्या एका पोराने टिपलेला. पोरगं पळालं की न्यूयॉर्क पळतं, पोरगं धडपडलं की न्यूयॉर्क आडवं. अमेरिकेत काही थिएटरांनी म्हणे 'मळमळेल, जपून' अशा अर्थाच्या पाट्या लावल्या होत्या. आमच्या थिएटरात पाटी एकच, पान खाऊन थुंकू नये.

विसाव्या मिनिटाला तोंडाला पाणी सुटलं. जेवणाआधी सुटतं ते नव्हे, दुसरं. जाणकार ओळखतील. मग मानेवर गार घाम. घाटात कंडक्टर सांगतो, "लांब डोंगराकडे बघा." इथे डोंगर कुठून आणू? शेवटी पडद्याच्या डावीकडे, दारावरची 'एक्झिट'ची लाल पाटी दिसली. अख्ख्या थिएटरात न हलणारी तेवढीच वस्तू. उरलेला पिक्चर मी त्या पाटीवर काढला. तिच्या शेवटच्या अक्षरामागचा दिवा मिणमिणतो, हे तिथल्या मॅनेजरलाही माहीत नसेल. राक्षस काळा होता की हिरवा, ते मात्र भाच्याला विचारा.

"असं केलं की आपण तिथेच असल्यासारखं वाटतं, मामा."

अरे, मी तिथे असतो तर कॅमेरा टाकून पळालो नसतो का?

दोष कानाचा आहे, असं आमचे डॉक्टर सांगतात. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. बसमध्ये कान म्हणतात, चाललो. आणि पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनवर खिळलेले डोळे म्हणतात, कुठे काय? पिक्चरमध्ये उलटं. डोळे जीव घेऊन पळतायत आणि कान एफ-१२ वर पॉपकॉर्न धरून बसलेत. दोन साक्षीदारांची जबानी जुळेना की मेंदूला वाटतं, ह्याच्या पोटात काहीतरी विषारी गेलंय, काढा बाहेर. हा एक तर्कच आहे म्हणा. पण त्या पॉपकॉर्नचा भाव बघता मेंदूचा संशय मला रास्त वाटतो.

बरं, राक्षसाच्या पिक्चरला निदान सबब होती. 'द बोर्न अल्टिमेटम'मध्ये कॅमेरा कुठल्याही घाबरलेल्या पोराच्या हातात नाही, तरी तो थरथरतो. मोरोक्कोतल्या टांजियर शहरात एका खोलीत नायक हातात पुस्तक घेऊन मारामारी करतो, हे मला नंतर कळलं. मला एक कोपर, एक कॉलर आणि बहुधा एक खिडकी दिसली. त्याच पिक्चरला संकलनाचं ऑस्कर मिळालं.

हे खूळ डेन्मार्कमध्ये तर व्रत म्हणून झालंय. १९९५ साली तिथल्या दिग्दर्शकांनी 'डॉग्मा ९५' नावाची शपथ घेतली. आपल्याकडे चातुर्मासात वांगं सोडतात, यांनी ट्रायपॉड सोडला. कॅमेरा हातातच हवा. दिग्दर्शकाने पिक्चरमध्ये स्वतःचं नाव द्यायचं नाही, हाही नियम होता. त्यामागचं कारण मला विचारावं लागलं नाही.

आणि हे सगळं आमच्या काकांनी आधीच करून ठेवलेलं! माझ्या लग्नात त्यांनी उसना कॅमेरा खांद्यावर घेतला. मंगलाष्टकं संपताना अक्षता त्यांच्या डोळ्यात गेली, तेव्हापासून कॅसेटमध्ये आम्ही दोघं तिरकेच उभे आहोत. पुढे कॅमेरा बंद करायचं राहिलं आणि ते चपला शोधायला गेले. कार्यालयाबाहेरच्या ढिगात एक पाय सापडतो, दुसरा सापडत नाही, अशी अकरा मिनिटं. मागून त्यांचाच आवाज, "कोल्हापुरी होती हो, नवी!" तेव्हा घरच्यांनी त्यांना फैलावर घेतलं. भाच्याने परवा ती कॅसेट बघितली आणि म्हणाला, "मामा, हे फार रॉ आहे."

वास्तविक १९७६ च्या 'रॉकी'त तो पठ्ठ्या फिलाडेल्फियातल्या पायऱ्या धावत चढतो, आणि बघणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. गॅरेट ब्राउन नावाच्या माणसाने स्टेडीकॅम, म्हणजे धावतानाही कॅमेरा न हलू देणारं अंगावर बांधायचं यंत्र, बनवलं होतं, त्याची कृपा. उपाय सापडून इतकी वर्षं झाली, तरी लोक मुद्दाम हलवतात.

गेल्या महिन्यात भाच्याने पुन्हा ओढून नेलं. मल्टिप्लेक्सच्या दारात सिक्युरिटीवाल्याने माझ्या पिशवीतून लिंबू काढलं.

"काका, बाहेरचं खायचं आत चालत नाही."

"खायचं नाही. हुंगायचं आहे."

त्याने लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाडी लागते?"

"पिक्चर लागतो."

"मला आंबेनळी घाट," तो हळूच म्हणाला, आणि लिंबू माझ्या खिशात टाकलं. "शेवटच्या रांगेत बसा. आणि डावीकडचं दार जड आहे. खांद्याने ढकला."