क्रूझ लागली म्हणजे गाव सावरलं असं नसतं हो

कॅरिबियनमध्ये वादळ झालं की दोन-तीन महिन्यांत कोणीतरी बीचचा फोटो टाकतं आणि खाली कमेंट, "वा, सगळं नॉर्मल झालं की!" डोकंच फिरतं माझं.

मी तेव्हा क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात होतो. सिंट मार्टेन बेटावर, डच बाजूला फिलिप्सबर्ग म्हणून गाव आहे, 6 सप्टेंबर 2017 ला तिथे इर्मा वादळ धडकलं, कॅटेगरी 5 म्हणजे सगळ्यात वरची, ताशी 295 किलोमीटरच्या आसपास वारा. आणि डिसेंबरात जहाजं परत लागायला लागली पण! का तर गावाचं पोटच त्याच्यावर. त्यामुळे आधी काय दुरुस्त झालं? धक्का, बोर्डवॉक, फ्रंट स्ट्रीटची दुकानं. म्हणजे पाहुण्यांना दिसतं ते.

फ्रंट स्ट्रीटवर सोन्याची, घड्याळांची बरीच दुकानं सिंधी लोकांची, आम्हाला बघितलं की हिंदीत सुरू. एका काकांच्या शोकेसची काच कोरी करकरीत, स्टिकरपण काढला नव्हता, आणि मागच्या खोलीत छताच्या जागी निळी ताडपत्री. वारा आला की ती इतकी फडफडायची की काका बोलता बोलता थांबायचे, फडफड संपली की पुढचं वाक्य. पत्रे कधी टाकणार विचारलं तर म्हणाले, इन्शुरन्सवाले बघून गेलेत.

ज्यांचा इन्शुरन्सच नाही त्यांचं तर विचारूच नका. मोठी हॉटेलं बंद म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून पत्रे नाहीत, आणि जून आला की वादळांचा पुढचा सीझन दारात. गावामागे मिठाचं तळं आहे, कचरा डेपो त्यातच, वादळाचा राडारोडापण तिकडेच गेला, डेपोला आग लागली की धूर वस्तीत. बीचवरच्या खुर्चीतून हे दिसत नाही, दिसू नये अशीच खुर्ची ठेवलेली असते (हे आपलं माझं मत). एअरपोर्टचं टर्मिनल पूर्ण व्हायला 2024 उजाडलं, बोला!

आमच्या श्रीवर्धनला 2020 मध्ये निसर्ग आलं तेव्हापण हेच, रस्ता मोकळा झाला, पर्यटक आले, आणि वाडीत सुपारी आडवीच.

म्हणून जाऊ नका असं नाही म्हणत मी. उलट जाच, पण जहाजावरच्या बुफेत पोट भरून खाली उतरू नका. लोलो म्हणजे रस्त्याकडेच्या बार्बेक्यूच्या टपऱ्या असतात, तिथे रिब्स आणि जॉनी केक (तिकडचा साधा पावासारखा प्रकार) खा, डॉलर चालतात, फक्त सुट्टे ठेवा.