चित्र न दाखवणारं यंत्र

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेची आंतरराष्ट्रीय अल्ट्रासॉनिक्स (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या तंत्राची) परिषद आमच्या ग्लासगोत भरली होती. पोलादातली चीर शोधण्यापासून केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाहण्यापर्यंत सगळे विषय एका छताखाली. पण चहाच्या सुट्टीत बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचं: सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून फिरवायचा भाग, आणखी लहान आणि स्वस्त कसा करायचा. मोबाइलला जोडायचा, खिशात टाकायचा. सगळे खूश होते. मीही याच क्षेत्रातली इंजिनिअर, पण माझ्या डोक्यात बीड होतं.

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रात ८९४, दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली, देशात सगळ्यात आधी, कायदा करणाऱ्या राज्याची ही गत.

ग्लासगोला या विषयात मान आहे. १९५५ मध्ये इथले स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून जवळच्या रेनफ्रू गावातल्या बॉयलर कारखान्यात गेले. तिथे धातूतले दोष शोधायचं यंत्र होतं. गाठींचा प्रतिध्वनी ताडून पाहायला सोबत गोमांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. पुढे टॉम ब्राऊन या तरुण इंजिनिअरने यंत्र बांधलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गर्भाची चित्रं छापून आली. या यंत्राचं आपल्याकडे काय होईल, हे त्या दोघांना कळणं शक्य नव्हतं. आपल्याला कळलंय.

इथली मराठी मंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, "भारतात उगाच बाऊ करतात. इथे विसाव्या आठवड्यात विचारलं की सांगतात." माझ्या वेळी सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनीच सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, जाणून घ्यायचंय?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. सांगलीच्या दवाखान्यातली पाटी डोळ्यांपुढे आली: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' मी नको म्हटलं. रात्री फोनवर आईला सांगितलं तर ती आधी गप्प, मग म्हणाली, "बरं केलंस." माझ्या धाकट्या मावशीला दोनदा काय सोसावं लागलं, ते आमच्या घरात कोणी बोलत नाही. इथे सांगून टाकतात, कारण त्या उत्तरावर सहसा पुढचं काही अडत नाही. मावशीचं सगळं त्या उत्तरावरच अडलं होतं.

दुसरी बाजू दादाची. तो गावाकडे रेडिओलॉजिस्ट आहे. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याखाली भरावा लागणाऱ्या एफ फॉर्ममधला एक रकाना कोरा राहिला म्हणून त्याचं मशीन सील झालं होतं. देशभरचे रेडिओलॉजिस्ट २०१६ मध्ये अशाच तक्रारींवरून संपावर गेले. परिषदेच्या पाच महिने आधी, मे २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एफ फॉर्म नीट न भरणं ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही. दादाला तो निकाल जिव्हारी लागला, मला पटला. बंद दाराआड काय झालं याचा मागे उरणारा पुरावा म्हणजे तो कागदच. यावरून आम्ही आजही भांडतो.

पण त्याचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. फिरत्या वैद्यकीय पथकांची सवलत सोडली तर पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेबाहेर नेता येत नाही. मेळघाटातल्या पाड्यावर जाणाऱ्या नर्सबाईंच्या हाती ते देता येत नाही. बाळ आडवं आहे की पायाळू, हे कळायला बाईला गाडीत घालून दूर न्यावं लागतं.

म्हणून कायदा सैल करा, असं मी कधीच म्हणणार नाही. ही जबाबदारी आम्हा यंत्र बांधणाऱ्यांची आहे. दहा मेगाहर्ट्झच्या वरच्या प्रोबला चार-पाच सेंटिमीटरच्या पलीकडचं, म्हणजे सहसा गर्भापर्यंतचं, नीट दिसत नाही. शीर शोधायला, गळ्याची गाठ किंवा फुप्फुसाचं आवरण पाहायला तेवढं पुरतं. बारीक अंगकाठीच्या बाईच्या बाबतीत एवढ्यावर विसंबता येणार नाही, तेव्हा गर्भाचं चित्र येऊच न देणारं सॉफ्टवेअरचं कुलूपही हवं. गरोदर बाईसाठी याहून चांगली वाट आहे. नर्सने पोटावरून ठरलेल्या रेषांत प्रोब फिरवायचा आणि यंत्राने किती आठवडे झाले, डोकं वर की खाली, एवढंच सांगायचं. यावर अलीकडे चांगलं संशोधन झालंय. चित्र पडद्यावर यायची गरजच नाही.

परिषदेत एकाशी मी हे बोलले, तर तो म्हणाला, "ते कायदेवाल्यांनी बघावं." मला राग आला, आजही येतो. प्रोबची किंमत आपण ठरवतो, आकार आपण ठरवतो, मग त्याने काय दाखवू नये हे दुसऱ्या कोणी का ठरवायचं?

मागच्या रविवारी दादाला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "चित्रच दिसत नाही, तर त्या मशीनला एफ फॉर्म लागेल की नाही?" मी म्हटलं, लिंग ओळखू शकेल असं कुठलंही यंत्र कायद्यात येतं, आमचं यंत्र ओळखूच शकत नाही, हे आम्हालाच सिद्ध करावं लागेल.

"करा मग," तो म्हणाला. "फक्त ते कुलूप माझ्यासारख्यालाही उघडता येणार नाही, असं करा."