बारा काळे ठिपके

रविवारी दुपारी नारळ खवताना विळीने माझ्या उजव्या तर्जनीचा बारीकसा घास घेतला. जखम तिळाएवढी, पट्टी उशीच्या अभ्र्याएवढी. ‘एवढंसं तर आहे,’ असं म्हणून मी नारळ पुरा केला. त्या बोटाची खरी किंमत रात्री आठ वाजता कळली.

“अहो, लाइटबिल भरलंत ना? आज शेवटची तारीख.”

बिल मी गेली चार वर्षं लॅपटॉपवरून भरतो. तिथे मला काही आठवावं लागत नाही. क्रोम ब्राउझर स्वतःच चौकटीत बारा काळे ठिपके मांडतो, मी बटण दाबतो आणि आपण फार आधुनिक आहोत असं वाटून घेतो. पण त्या रात्री ती वेबसाइट उघडेचना. म्हणून फोनवरचं ॲप उघडलं, तर ते म्हणालं, पासवर्ड टाका. कुठला पासवर्ड? मला माहीत होते ते फक्त ठिपके. अंदाजाने चार-पाच टाकून पाहिले, एकही लागला नाही.

म्हणजे आता ठिपक्यांच्या मागे काय दडलंय ते बघणं आलं. ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात वर एकाखाली एक आणखी तीन ठिपके असतात. (या धंद्यात ठिपक्यांशिवाय काही हलत नाही, आमच्या आईने यातून एव्हाना कासव काढलं असतं.) ते दाबले की यादी लोंबते, तिच्यात ‘पासवर्ड्स अँड ऑटोफिल’, त्याच्या पोटात ‘गूगल पासवर्ड मॅनेजर’. तिथे माझ्या साइट्सची नावं ओळीने मांडलेली. वीजबिलाच्या नावावर टिचकी मारली, तर विंडोजने मध्येच हात आडवा घातला: तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. बोट ठेवा.

बोट पट्टीत होतं. मी पट्टीसकट ठेवून पाहिलं. मग मधलं बोट, मग डाव्या हाताचं. ओळख नाही. पट्टी सोडायला गेलो तर हिने असं काही पाहिलं, की पट्टीच काय, बोटही मी मागे घेतलं.

बोट नसेल तर पिन. लॅपटॉप घेतला तेव्हा भाच्याने सगळं लावून दिलं होतं आणि त्यानंतर मला बोटाचीच सवय लागली. मी आधी एटीएमचा पिन टाकला. नाही. माझं जन्मसाल टाकलं. नाही. तोवर ही चष्मा लावून शेजारी येऊन बसली होती, त्यामुळे तिसऱ्यांदा मी मुद्दाम मोठ्याने आकडे म्हणत आमच्या लग्नाचं साल टाकलं.

नाही.

“नाही ठेवलंत?” ती म्हणाली.

“तसं नसतं गं. कोणीही ओळखेल असा आकडा ठेवू नये म्हणतात.”

“कोणीही?”

मी घाईघाईने फ्लॅटचा नंबर पुढे दोन शून्यं लावून टाकला. त्यावर विंडोजने पिन मागायचंच बंद केलं. म्हणालं, तुम्ही बऱ्याचदा चुकला आहात, पुढे जायचं तर ‘ए१बी२सी३’ असं टाइप करून दाखवा. चुकून बटणं दाबली जात नाहीयेत ना, हे बघायला ते असं करतं म्हणे. पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस मी, डाव्या हाताच्या एका बोटाने ए, एक, बी, दोन असं लिहीत होतो, आणि ही शेजारून “बरोबर” म्हणत होती.

शेवटी भाच्याला बंगळुरूला फोन लावला.

“मामा, पिन तुम्हीच टाकला होतात. मी तोंड फिरवून बसलो होतो.”

“एवढा सज्जनपणा कोणी सांगितला होता तुला?”

पण हा गप्प बसणारा नाही. त्याने मला इतिहासही ऐकवला. पूर्वी क्रोम असं काही विचारायचंच नाही. कोणीही तुमच्या खुर्चीत बसावं, सेटिंग्जमध्ये जावं आणि सगळे पासवर्ड वाचून काढावेत. २०१३ साली त्यावरून मोठा गदारोळ झाला. क्रोमवाल्यांचं म्हणणं असं, की परका माणूस तुमच्या उघड्या कॉम्प्युटरसमोर बसलाच असेल तर खेळ आधीच संपलाय, आणखी एक कुलूप म्हणजे नुसतं समाधान. पण लोकांना ते पटलं नाही आणि कुलूप आलं. मी म्हटलं, परक्याचं सोड, घरमालकालाच किल्ली सापडत नाहीये.

“मामा, एक आठवतंय. आकडे टाकताना तुम्ही हसलात आणि म्हणालात, हा नंबर मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

मी छताकडे बघितलं. ही शांतपणे म्हणाली, “स्कूटर.”

२००४ साली विकलेल्या स्कूटरचे चार आकडे मी टाकले. दार उघडलं. हिने चष्मा काढून पदराने पुसला. त्या पुसण्यावर एक वेगळा लेख होईल.

आतमध्ये माझा चित्रगुप्त बसला होता. एकशे सत्त्याऐंशी साइट्स! भाचीसाठी नाव नोंदवलेलं वधुवर मंडळ. तिची मुलगी आता तिसरीत आहे. एकदाच काढलेलं बसचं तिकीट. आता अस्तित्वातही नसलेलं गाण्यांचं दुकान. प्रत्येकाला मी कधी ना कधी ‘सेव्ह करू का?’ला ‘हो’ म्हटलेलं, चहा घेणार का विचारल्यावर म्हणतो तसं. आणि ‘कधीच नको’ म्हटलेल्यांची वेगळी यादी. तिच्यात एका कवितास्पर्धेची साइट निघाली. “हे कधी केलंत?” हिने विचारलं. मी माउसचं चाक जोरात फिरवलं.

मग डोळ्याचं चिन्ह दाबलं आणि ठिपके गळून पडले. थालीपीठ@७. इंग्रजीत बारा अक्षरं, पहिला टी मोठा.

या थालीपीठाचीही एक वंशावळ आहे. सुरुवातीला ते नुसतं थालीपीठ होतं. मग एक साइट म्हणाली, आकडा हवा. दुसरीने मोठं अक्षर मागितलं, तिसरीने चिन्ह. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला असं ऑफिसने फर्मान काढल्यावर ते @१, @२ करत निवृत्तीपर्यंत @२३ला पोचलं. ही सगळी मोठं-अक्षर-आकडा-चिन्हाची शिस्त ज्यांच्या टिपणातून जगभर पसरली ते अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतले बिल बर नावाचे गृहस्थ. टिपण २००३चं. २०१७ साली ते स्वतःच म्हणाले, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनेही सांगून टाकलं, की पासवर्ड फुटल्याचं दिसत नसेल तर उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. माझी तेवीस थालीपीठं करपल्यावर!

ब्राउझरने जाता जाता ‘तपासणी करू का?’ असंही विचारलं. सवयीने हो म्हणालो. हातात प्रगतिपुस्तक आलं: फुटलेले ९, कमकुवत ६३, पुन्हा पुन्हा वापरलेले १४१. शाळेतसुद्धा एवढी लाल शाई मला मिळाली नव्हती.

“हे सगळं छापून कपाटात ठेवा,” ही म्हणाली. यादी बाहेर काढायची सोय तिथे आहेच, पण ती फाइल उघडीवाघडी असते, कोणीही वाचावी. मी हसलो. हसायला नको होतं. ज्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात एकाच यंत्रावर अनेकांना काम करता यावं म्हणून पासवर्डची पद्धत आणली, त्या फर्नांडो कॉर्बाटो यांनी २०१४च्या मुलाखतीत पासवर्ड हे आता दुःस्वप्न झाल्याचं कबूल केलं होतं. आणि स्वतःचे पासवर्ड ते टाइप केलेल्या कागदांवर ठेवायचे. हिचा मुद्दा थेट मूळपुरुषाकडून आलेला होता.

थालीपीठ@७ फोनवर टाकलं. ॲप म्हणालं, फार वेळा चुकलात, चोवीस तासांनी या.

साडेनऊ वाजले होते. हिने माझ्या हातातून जुनं बिल घेतलं, आपल्या फोनवर रोज भाजीवाल्याला पैसे देते ते यूपीआयचं ॲप उघडलं, त्यात वीजबिलाच्या चौकटीत ग्राहक क्रमांक टाकला. रक्कम आपोआप आली.

“पासवर्ड?” मी विचारलं.

“कशाला? बिल भरायचंय, घरात नाही शिरायचं त्यांच्या.”

फक्त पैसे सोडताना तिने फोन जरासा बाजूला वळवून पिन टाकला. सहा आकडे. पण अंगठ्याची चाल मला दिसली: दिवस, महिना, साल. आमच्या लग्नाची तारीख.

“अगं, कोणीही ओळखेल असा ठेवू नये,” मी म्हणालो.

“कोणी ओळखो,” पावतीचा हिरवा टिक मला दाखवत ती म्हणाली, “तुमच्यापासून तर सुरक्षित आहे.”