पानिपत, तोतया आणि कादंबरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असं सांगणाऱ्या माणसाच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या तोतयाच्या प्रकरणावर बेतलेल्या कादंबऱ्या आवर्जून वाचा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही म्हणता, ‘पानिपत हा आपल्या घराघरातल्या सुतकाचा विषय आहे. त्यात खरा कोण नि खोटा कोण असलं रहस्य आणि नवराबायकोचं प्रेम कालवलं की इतिहासाचा तमाशा होतो. पुढची पिढी मग कादंबरीलाच बखर समजते.’ प्रतिक्रिया तळमळीने लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

हे रहस्य कादंबरीकारांनी कालवलेलं नाही, ते कागदपत्रांतच आहे. १४ जानेवारी १७६१ ला पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले आणि सदाशिवरावभाऊ रणधुमाळीत शिरले. नाना फडणीस तेव्हा मैदानावर होते. ऐन गर्दीत भाऊसाहेब दिसेनासे झाले, यापलीकडे त्यांच्याही आत्मवृत्तातून काही हाती लागत नाही. अब्दालीच्या बाजूला असलेल्या शुजाउद्दौलाच्या पदरचा काशीराज पंडित पुढचं सांगतो : एक शिर नसलेलं प्रेत सापडलं, अंगावरच्या खुणा पाहून ते भाऊंचं ठरवलं गेलं, शिर नंतर मिळालं. आता शनिवारवाड्यात ही हकिकत कशी पोचली असेल याचा विचार करा. ओळख पटवणारे शत्रूच्या गोटातले, अंतर शेकडो कोसांचं, आणि पानिपतावर हरवलेली माणसं तर महिनोन्‌महिने एकेकटी, वेष पालटून, भीक मागत परत येत होती. खुद्द नानांची आई त्या पळापळीत नाहीशी झाली ती पुन्हा भेटली नाही. अशा वेळी ‘भाऊसाहेब जिवंत आहेत’ यावर विश्वास ठेवणारी माणसं बावळट नव्हती. त्यांच्यापुढे तशी उदाहरणं होती.

आणि मग तो माणूस आला. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण, बुंदेलखंडाकडचा. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचे रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला बंदीतून काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती जाऊ लागले. का? या ‘का’साठीच मला ही गोष्ट रहस्यकथेच्या अंगाने वाचावीशी वाटते. नारायणराव ऑगस्ट १७७३ मध्ये मारले गेले होते. गादीवर सवाई माधवराव, वय दोन वर्षं. कारभार बारभाईंचा, म्हणजे नाना फडणीस वगैरे मुत्सद्द्यांच्या मंडळाचा, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, पुरंदरचा तह नुकताच झालेला. अशा वेळी पेशव्यांच्या घरातला पंचेचाळिशीचा कर्ता पुरुष परत आला आहे, ही नुसती वार्ताही केवढी ताकदीची! भाऊंना ओळखणाऱ्या नानांना हे बंड मोडायला फौजा पाठवाव्या लागल्या. तोतया समुद्रमार्गे निसटला, राघोजी आंग्र्यांनी पकडला, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं.

सनावळीच्या पुस्तकात हे सगळं ‘तोतयाचे बंड मोडले’ एवढ्यावर उरकतं. हा माणूस खरा की खोटा, हे ठाऊक नसताना एखाद्या किल्लेदाराने दरवाजा उघडायचा की नाही, हा प्रसंग कादंबरीकार वाचकाला जगायला लावतो. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला १७७६ कळत नाही. त्या वेळी शेवट कुणालाच ठाऊक नव्हता, आणि रहस्याची मांडणी नेमकं ते अज्ञान परत देते. न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर १९१३ मध्ये नाटक लिहिलं, ते उगाच नव्हे.

आता प्रेमाबद्दल. तुमचा खरा राग इथे आहे असं मला वाटतं, आणि त्याचा मला आदर आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर होत्या. तिथून जीव वाचवून त्या परत आल्या आणि त्यांनी वैधव्य पत्करलं नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या. म्हणजे बावीस वर्षं पेशव्यांच्या घरातल्या एका बाईने, त्या काळच्या पुण्यात, सगळ्या शास्त्री-पंडितांच्या डोळ्यांदेखत, आपला नवरा मेला हे मान्य केलं नाही. मधल्या काळात त्याच नवऱ्याचं नाव सांगणारा माणूस पकडला जातो, खोटा ठरतो, पुन्हा उभा राहतो, मारला जातो. त्या प्रत्येक बातमीच्या दिवशी वाड्यात त्यांनी काय केलं असेल? यात प्रेम शोधायचं नाही तर कुठे शोधायचं? राजकारणाच्या कागदांत त्यांच्या मनाला जागा नाही. कादंबरीत ती मिळते, आणि मिळायलाच हवी.

मात्र कादंबरीकाराला तिथे वाटेल ते करता येतं असं मी मानत नाही. पार्वतीबाईंची घालमेल, आशा, संशय, त्यांनी दासीला विचारलेले प्रश्न, हे त्याने खुशाल रचावं. पण खप वाढावा म्हणून त्यांची आणि तोतयाची चोरटी भेट रंगवली, तर मी ते पुस्तक मिटतो. तोतयाच खरा भाऊ होता असं कुणाला दाखवायचं असेल, तर त्याने काशीराजाने सांगितलेल्या खुणांना आणि दोन्ही चौकशांना कथेतच उत्तर द्यावं. त्यांना वगळून केलेला धक्कादायक शेवट मला फसवणूक वाटतो. रहस्यकथेच्या वाचकालाही असंच वाटतं, कारण पुरावा लपवलेला त्याला चालत नाही. म्हणून या प्रकारच्या वाचनाने माणूस भोळा होतो हे मला पटत नाही. चांगली रहस्यप्रधान ऐतिहासिक कादंबरी वाचणारा ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं विचारायला शिकतो.

राहिली बखर. कादंबरीला बखर समजण्याची भीती तुम्ही व्यक्त केलीत. पण रघुनाथ यादवाची पानिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिलेली आहे, विश्वासरावांच्या आईच्या. अठरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या बाईला सांगितलेली ती हकिकत आहे. तीतली वर्णनं, संवाद, वीररस हे सगळं त्या श्रोत्याकडे बघूनच आलं आहे. बखरीला म्हणून मी कमी लेखत नाही, पण तीही कादंबरीइतकीच सावधपणे वाचायची गोष्ट आहे. ‘ध चा मा’ ही कथा तर आपण कुठलीही कादंबरी हातात घेण्याआधी, लहानपणीच खरी म्हणून स्वीकारलेली असते.

वाचक गोंधळतात, हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणून मी स्वतः कादंबरीनंतर लगेच शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ आणि राजवाड्यांनी छापलेल्या मूळ कागदपत्रांचा, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा, १८९८ चा पहिला खंड उघडतो. प्रकाशकांनीही कल्पित पात्रं कोणती, प्रसंग कुठले, याचं दोन पानी टिपण पुस्तकाच्या शेवटी द्यावं. तशी मागणी आपण वाचकांनी मिळून केली, तर मी पहिली सही करीन.

तुम्ही वाचलेल्या कादंबरीतला नेमका कुठला प्रसंग खटकला, हे प्रतिक्रियेत आलेलं नाही. तो कळवा. कागदांशी ताडून बघू, आणि लेखकाने मर्यादा ओलांडली असेल तर पुढच्या लेखात तसं स्पष्ट लिहीन.