तिचं तिला काय विचारायचं?

घरातल्या मुलीची आणि घरातल्या आईची तब्येत ठणठणीत राहावी असं वाटत असेल, तर एकच पथ्य पाळा. त्यांना काही विचारू नका. हा उपाय फुकट आहे, कुणालाही जमतो, आणि त्याचे दुष्परिणाम करणाऱ्याला कधीच होत नाहीत.

सुरुवात मात्र वेळेवर करावी लागते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. तुम्ही एवढ्या हिशेबात पडू नका. मुलगी लहान की मोठी हे समोर काय आहे त्यावर ठरवा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं असेल तर ती मोठी झाली. तिने एखादा अवघड प्रश्न विचारला तर ती अजून लहान आहे. एकाच संध्याकाळी ती दोन्ही असू शकते, त्यात काही अडचण येत नाही.

पाळीबद्दल तिला सांगायचंच असेल तर पाळी आल्यावर सांगा, आधी नको. घाबरलेलं माणूस फार प्रश्न विचारत नाही. ‘कुणाला बोलू नकोस’ एवढं सांगितलं की आरोग्यशिक्षण पूर्ण झालं. पुढे दर महिन्याला ती पोट धरून बसली, शाळा बुडाली, तर ‘होतंच तेवढं’ ही मात्रा द्यायची. ही मात्रा आईकडून मुलीकडे, बाईंकडून विद्यार्थिनीकडे आणि कधीकधी दवाखान्यातूनही विनाचिठ्ठी मिळते. एंडोमेट्रिओसिस नावाचा एक आजार आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर त्यात गर्भाशयाबाहेर वाढतो. जगातल्या सुमारे १९ कोटी मुली-बायकांना तो आहे असा अंदाज आहे, आणि त्याचं निदान व्हायला बहुतेक वेळा काही वर्षं जातात. ती वर्षं कुठे जातात, असा प्रश्न संशोधकांना पडतो. आपल्याला पडायचं कारण नाही.

ती दमते, धाप लागते, चेहरा पांढुरका दिसतो. याला आळस म्हणायचं. फारच झालं तर मोबाइल म्हणायचं. रक्त तपासलं की त्यात हिमोग्लोबिनचा आकडा येतो, तो बारा ग्रॅमच्या खाली निघाला की त्याला रक्तक्षय हे नाव मिळतं, आणि नाव मिळालं की उपचार करावे लागतात. आळसाचं तसं नसतं. आळसाला नुसतं बोललं तरी भागतं. शिवाय पंधराव्या वर्षी कमी असलेलं रक्त आपोआप भरून निघत नाही, ते पंचविसाव्या वर्षी बाळंतपणापर्यंत तसंच पोचू शकतं. बाळंतपणात जाणाऱ्या मातांच्या मृत्यूंमागे अतिरक्तस्राव हे एक मोठं कारण आहे, आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी तिला थोडा स्रावही झेपत नाही. दहा वर्षं चाललेल्या या गोष्टीला त्या दिवशी ‘सगळं अचानक झालं हो’ असं म्हणायची पद्धत आहे.

मुलग्यांना यातलं काही कळू देऊ नका. वर्गात तो धडा आला की त्यांना मैदानावर पाठवा. पुढे हेच मुलगे नवरे होऊन डॉक्टरांसमोर बसणार आहेत आणि सगळी उत्तरं त्यांनाच द्यायची आहेत. कोरी पाटी असली की उत्तरं ठामपणे देता येतात.

आता गरोदरपण. इथे आपल्या पथ्याचा खरा कस लागतो, कारण इथे विचारणारे परके असतात. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की गरोदर बाईची किमान आठ वेळा तपासणी व्हावी. म्हणजे तिने तोंड उघडण्याच्या आठ संधी. एकही वाया जाऊ देऊ नका, सगळ्या तुम्हीच घ्या. डॉक्टरांच्या जवळची खुर्ची आधी पकडा. तिला शक्यतो वजनकाट्याच्या बाजूला बसवा. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून ‘काय त्रास होतोय?’ विचारलं की शेवटचं अक्षर संपायच्या आत ‘आम्हाला फार मळमळतं हो’ असं सांगून टाका. हे सांगणारा नवरा नुकताच भरपेट जेवून आलेला असला तरी हरकत नाही. या ‘आम्हाला’त कुटुंबातली सगळी माणसं मावतात, फक्त जिला मळमळतंय तिला बसायला जागा उरत नाही.

तिचं डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज असेल, तर ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात आणि वेळेवर कळली तर बाई आणि बाळ दोघंही वाचू शकतात. पण अंधारी तिच्या डोळ्यांपुढे येते, तुमच्या नाही. ती सांगेल तरच कळणार. तेव्हा ती गप्प राहील याची खबरदारी आठव्या तपासणीपर्यंत घेत राहा.

आणि तिला आत एकटीला सोडू नका. हे मी गंभीरपणे सांगतोय. घरात मारहाण होते का, हा प्रश्न आरोग्य कर्मचाऱ्यांनी बाईला एकांतातच विचारावा, दुसऱ्या कुणासमोर विचारू नये, असा दंडक आहे. एकांतच मिळाला नाही तर प्रश्नच निघत नाही. बाहेर लोक तुमचं कौतुक करतील ते वेगळं. बघा किती काळजी घेतो, तिला क्षणभर सोडत नाही.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघी अभ्यासिकांनी माता का दगावतात याचा विचार करून तीन उशीर सांगितले. दवाखान्यात न्यायचं हे ठरवायला होणारा उशीर, तिथे पोचायला होणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरावर चर्चा करायला फार मजा येते. रस्ते, गाड्या, कर्मचारी, यंत्रणा, निधी. ती अवश्य करा. पहिल्या उशिराला मात्र रस्ता लागत नाही, तो घरातच बसलेला असतो. कळा सुरू झाल्या आहेत, पाण्याची पिशवी फुटली आहे, आणि ‘ते आल्यावर बघू’ असं ठरलं आहे. ते बाहेर आहेत. त्यांचा फोन लागत नाही. जिला कळा येतायत तिचं मत या बैठकीत नोंदवलं जात नाही, कारण ती सध्या त्रासात आहे आणि अशा माणसाचं काय ऐकायचं?

बायकांचं ऐकलं की काय घोटाळा होतो हे व्हिएन्नात दिसून आलंच आहे. तिथल्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. बायकांना कारण ठाऊक नव्हतं, पण मरायला कुठे होतं हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या कक्षात पाठवू नका म्हणून त्या हातापाया पडत. विद्वान मंडळी ही बायकी भीती समजत होती. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. दोन वर्षांत त्याची नेमणूक संपली, ती वाढवून मिळाली नाही. बोध स्वच्छ आहे. हात धुण्यापेक्षा हात झटकणं नोकरीला सुरक्षित.

प्रसूतिकक्षात ओरडणाऱ्या बाईला गप्प कसं करायचं याचं वाङ्मय मी इथे देत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेला खास निवेदन काढून सांगावं लागलं की बाळंतपणात बाईला अपमानास्पद वागणूक देऊ नये. इतकं उघड वाक्य जगाच्या पातळीवर छापावं लागणं हीसुद्धा एक कामगिरीच. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीचं सोबतीचं माणूस असावं, असंही शास्त्र सांगतं. सतत सोबत मिळालेल्या बायकांच्या कळांचा काळ काहीसा कमी होतो, सिझेरियनही कमी होतात. पण तिच्या पसंतीचं म्हणजे पुन्हा तिला विचारणं आलं.

कुणी फार वाद घातला तर ‘आमच्या वेळी कुठे होते हे लाड?’ हे वाक्य वापरा. ते कधी हरत नाही, कारण त्या वेळी ज्या बाळंतपणातून उठल्याच नाहीत त्या या चर्चेला येऊन बसत नाहीत. २०२३ या एका वर्षात जगात गरोदरपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या. त्यांपैकी एकीनेही या वाक्याला उत्तर दिलेलं नाही.

बाळ झालं की काम हलकं होतं. आता सगळे बाळाला बघायला येतात. नाक कुणासारखं, रंग कुणासारखा, वजन किती. हे सगळं जिने केलं ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असेल तर ‘दमली आहे’ असं पाहुण्यांना सांगा. आठवड्यानंतरही तशीच पडलेली असेल तर ‘आई झालीस, आता आनंदात राहायला हवं’ असं तिला सांगा. जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. आनंदात राहा असं सांगितल्याने तो बरा झाल्याचं ऐकिवात नाही, पण सांगणाऱ्याला हलकं वाटतं.

फक्त एका कागदापासून सावध राहा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरोची एक प्रश्नावली आहे. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याबद्दल. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष दिला जातो का, रडू येतं का, असे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायचा विचार मनात आला का, हा आहे. या प्रश्नावलीसोबत एक अत्यंत खोडसाळ सूचना असते: उत्तरं आईने स्वतः द्यावीत, इतरांशी चर्चा करून देऊ नयेत. पंधरा-वीस वर्षांची तुमची मेहनत ही एक ओळ पाण्यात घालू शकते. म्हणून नर्सने तो कागद पुढे केला की चटकन हात पुढे करा, ‘द्या इकडे, तिला कुठे त्रास देता’ म्हणा, आणि पेन तुमच्याच खिशातलं काढा. पहिल्या नऊ प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. दहावा रिकामा सोडलात तरी चालेल, असं काही विचारणं बरं दिसत नाही.