भाडेकरू कोणत्या यादीत असतो?

छत्रपती संभाजीनगरात २०२५ च्या जूनमध्ये मुकुंदवाडीला रस्त्यालगतची बांधकामं पाडायला जेसीबी लागले आणि मग जालना रोड, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा असे फिरत गेले. तेव्हापासून गावाकडचा जो वाद इथे बर्लिनपर्यंत ऐकू येतो, त्यात आवाज दोनच. एक म्हणतो, अतिक्रमणं होती, गेली, बरं झालं. दुसरा म्हणतो, गुंठेवारीची पावती होती, घरपट्टी भरत होतो, तरी पाडलं. नीट ऐकलं तर दोन्हीकडे बोलतो तो मालकच. त्याच इमारतीत वरच्या खोलीत राहणारा किंवा खालच्या गाळ्यात शिलाई मशीन टाकून बसलेला भाडेकरू कुणाच्या तोंडी नाही. मोबदल्याच्या यादीत तर नाहीच.

बर्लिनमध्ये हा वाद भाडेकरूपासूनच सुरू होतो, कारण इथली दहातली आठहून अधिक घरं भाड्याची आहेत. शिवाय भाडेकरार बहुधा बेमुदत असतो, त्याला तारीखच नसते. इथे ‘फेरद्रेंगुंग’ असा शब्द आहे, म्हणजे रेटून बाहेर काढणं. शब्दातच रेटणारा उभा असतो. आपण म्हणतो ‘वस्ती उठली’, जणू आठवडी बाजार उठावा तशी ती आपणहून उठली.

पण इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं म्हणणाऱ्यांनी आधी इथला हिशेब बघावा. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिन राज्याने भाडी गोठवली. १५ एप्रिल २०२१ ला घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. भाड्याचा विषय केंद्राचा, राज्याला तो अधिकार नाही, एवढंच कारण. वाचलेलं भाडं अनेकांना परत भरावं लागलं. महापालिकेने इमारत खाजगी गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः विकत घ्यायची, हे दुसरं हत्यार होतं. तेही त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला प्रशासकीय न्यायालयाने जवळजवळ निकामी केलं. मोठमोठ्या घोषणा कोर्टात पडल्या.

टिकलं ते कंटाळवाणं काम. बांधकाम कायद्याच्या कलम १७२ खाली एखादी वस्ती संरक्षित ठरली की तिथे दुसरं न्हाणीघर काढायला, दोन फ्लॅट जोडून एक करायला, भाड्याचे फ्लॅट सुटे विकायला परवानगी लागते. न्हाणीघरासाठी परवानगी हे हसण्यासारखं वाटेल. पण सुधारणेच्या खर्चाचे वर्षाला ८ टक्के भाड्यात कायमचे चढवता येतात (२०१८ पर्यंत ११ टक्के). वाढीला सहा वर्षांत चौरस मीटरमागे ३ युरोची मर्यादा आहे. म्हणजे ६० चौरस मीटरच्या घराला महिन्याला १८० युरो. म्हातारी भाडेकरू तेवढ्यात घर सोडते, नोटीस द्यायची गरजच पडत नाही. म्हणून हरकत न्हाणीघरापाशीच घ्यायची असते.

एका गोष्टीत मात्र आपण पुढे आहोत. जर्मनीत दुकानदार भाडेकरूला संरक्षण जवळपास नाही. २०१५ मध्ये बर्लिनच्या क्रॉइट्सबर्ग भागातल्या एका तुर्की भाजीवाल्याला मालकाने नोटीस दिली. अख्खी गल्ली आठवड्याच्या आठवड्याला रस्त्यावर जमली आणि नोटीस मागे घेतली गेली. ते गल्लीने केलं. कायद्यात त्यासाठी काहीच नव्हतं. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ घराइतकाच गाळ्यालाही लागतो. मराठवाड्यात त्याआधी हैदराबादचा १९५४ चा कायदा होता, तो यातच विलीन झाला. यातली तीन कलमं गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या प्रत्येक जुन्या भाडेकरूला पाठ हवीत. कलम २६: भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. कलम २९: नळ, वीज तोडता येत नाही. कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती त्याने केली नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘माझ्याकडे कागदच नाही’ म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही.

भोक आहे ते कलम २४ मध्ये. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स केलं की माणूस कायद्याने भाडेकरू राहतच नाही, परवानाधारक होतो. मुदत संपली की निघायचं. न निघाल्यास दुप्पट रक्कम. बिडकीन-शेंद्र्यात कारखाने येत आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटाचा वीस हजार कोटींचा करार झाला आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. या हवेत चिकलठाण्याकडची खोली अकरा महिन्यांनी पुढच्या, जास्त पगाराच्या माणसाकडे जाते. हे विस्थापन जेसीबीशिवाय होतं, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

आता रुंदीकरण. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला पाडकामाची पद्धत घालून दिली: रजिस्टर पोस्टाने आणि इमारतीवर चिकटवून नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस, आणि पाडताना चित्रीकरण. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे रूळ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे लागू नाही. सगळी मेख इथे आहे. विकास आराखड्यात रस्ता १५ मीटरचा आखला म्हणून तुमच्या ओट्याखालची जमीन त्याच दिवशी रस्ता होत नाही. ती संपादन करावी लागते. त्यामुळे लाल रंगाची खूण पडली की पहिला प्रश्न: हे मोजमाप आजच्या रस्त्याच्या हद्दीचं की आराखड्यातल्या? दुसरा: मध्यरेषा कुठून धरली? नऊ मीटरचा पंधरा करायचा तर दोन्हीकडून तीन-तीन मीटर जायला हवेत. मध्यरेषा समोरच्या मोठ्या इमारतीपासून सरकली की एका बाजूचे चार आणि दुसऱ्या बाजूचे दोन जातात. भूमी अभिलेखचा नगर भूमापन नकाशा आणि मालमत्ता पत्रक हातात नसेल तर हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

जुन्या पुऱ्यांत आणखी एक धोका. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराची पुढची भिंत भार पेलते. तिच्यावर तुळया टेकलेल्या असतील तर ती कापताना आधी आत टेकू द्यावे लागतात, नाहीतर ‘फक्त पुढचे दहा फूट’ पाडताना मागचं छतही खाली येतं. टेकूला लागणारे दिवस नोटिशीत मोजून मागावेत, लेखी.

मोबदल्यावर गावाकडेही फारसं कुणी बोलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२६ खाली जमीन तीन वाटांनी घेता येते: वाटाघाटीने पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकामाचा, विकता येणारा हक्क) देऊन किंवा भूसंपादन कायद्याने. टीडीआर मिळतो तो जमीनमालकाला. लहान तुकड्याचा टीडीआर घेऊन छोटा दुकानदार बिल्डरच्या दारात उभा राहतो आणि भाव बिल्डर ठरवतो, पण निदान कागद तरी हातात असतो. २०१३ चा भूसंपादन कायदा शहरात तीन वर्षं राहणाऱ्या किंवा तिथेच पोट भरणाऱ्या कुटुंबालाही बाधित धरतो, नावावर जमीन असो वा नसो. टीडीआरची वाट धरली की हे कुटुंब हिशेबातून गळतं. त्यामुळे ‘भूसंपादन कायद्याने घ्या’ ही मागणी मालकाइतकीच भाडेकरूची हवी. घर पाडलं तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे.

एप्रिल २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. मार्च २०२४ च्या प्रारूप विकास आराखड्यावरच्या हरकती त्याच काळातल्या. मुदत तीस दिवसांची. ज्या गल्लीत आधीपासून यादी तयार असते, तिलाच तीस दिवस पुरतात.

यादी म्हणजे एक वही: नगर भूमापन क्रमांक, मालक, प्रत्येक खोलीतलं कुटुंब, किती वर्षं, वीजबिल किंवा गॅसचा ग्राहक क्रमांक, मतदार यादीतला भाग. फेरीवाल्यांचं पान वेगळं ठेवावं, कारण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना हटवता येत नाही. पाचशे घरांचं काम चार-पाच जणांना दोन-तीन रविवारांत होतं. अडतं ते भाडेकरूच्या रकान्यात. तिथे मालकाची सही लागली की त्याला दोन भीती दिसतात: भाडं दाखवलं तर घरपट्टी वाढेल, आणि हा माणूस उद्या हक्क सांगेल. मग रकाना कोरा राहतो. म्हणून सही मागायचीच नाही; वीजबिलाची झेरॉक्स आणि शेजारच्या दोन घरांची साक्ष घेऊन पुढच्या दारी जायचं.